पक्ष्यांच्या फोटोसाठी मोठी लेन्स की गळकं मडकं: जुळे सोलापुरातल्या एका परसाचं प्रकरण

घर जुळे सोलापुरात, बैठं. मागं पूर्वेला साधारण वीस बाय तीस फुटांचं परस, त्यात एक कडुनिंब, कढीपत्ता, दक्षिणेच्या भिंतीलगत जास्वंदीची रांग, कंपाउंडवर चढलेली मधुमालती आणि भिंतीपलीकडं अजून बांधकाम न झालेला प्लॉट, त्यात वेड्या बाभळी आणि गवत माजलेलं. पक्ष्यांसाठी अशी जागा म्हणजे सोनं आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण घरमालक काकांचं म्हणणं बरोब्बर उलटं होतं.

काका बँकेतून रिटायर झालेले. पोरानं कॅमेरा घेऊन दिला, साधा सुरुवातीचा डीएसएलआर, सोबत १८-५५ आणि ५५-२५० मिलिमीटर अशा दोन लेन्स, आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं. त्यांनी मला बोलावलं ते एकाच प्रश्नासाठी, "आपल्याकडं पारव्यांशिवाय काही येतच नाही रे, आणि आलंच कधी तर फोटोत नुसता काळा ठिपका दिसतो, तेव्हा आता १५०-६०० वाली लेन्स घ्यावी म्हणतोय, कुठली घेऊ तेवढं सांग." लेन्स लाखाच्या घरातली. मी म्हणलं काका, आधी परस बघू, मग लेन्सचं बघू.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय कारण हाच प्रश्न सोलापुरात मला बरेच जण विचारतात आणि चर्चा दरवेळी लेन्सवरच जाऊन थांबते, परसाकडं कुणी बघतच नाही.

परिस्थिती कशी होती

काकांनी ऑनलाइन मागवलेला फीडर, म्हणजे पक्ष्यांना दाणे घालायचं भांडं, कडुनिंबाच्या फांदीला टांगला होता, हिरव्या प्लॅस्टिकची नळी आणि खाली ताटली, जमिनीपासून आठ-नऊ फुटांवर. त्यात दुकानातलं मिक्स, म्हणजे बाजरी, राळा, तांदळाची कणी, थोडं सूर्यफुलाचं बी. शिवाय रोज सकाळी गच्चीवर पसाभर ज्वारी टाकायची, ही काकूंची जुनी सवय. पाण्यासाठी स्टीलचं खोल पातेलं, तेही गच्चीवर, उन्हात. आणि काका फोटो काढायचे स्वयंपाकघराच्या बंद खिडकीतून, आठ मीटर लांबून, खिडकीला ती नव्या घरांना लावतात ना तशी आरशासारखी चमकणारी काच.

गच्चीवरच्या ज्वारीला पारवे आले, आणि पारवा एकदा आला की कुटुंबकबिल्यासकट येतो. सगळे शेजारच्या आजींच्या गच्चीच्या कठड्यावर बसायला लागले. मार्च-एप्रिल म्हणजे सोलापुरात वाळवणाचे दिवस, आजींनी कुरडया आणि पापड घातलेले, त्यावर विष्ठा. आजींनी काकूंना दोनदा तोंडावर सांगितलं, तिसऱ्यांदा बोलणंच बंद केलं. माझ्या मते आजींची तक्रार शंभर टक्के खरी होती, नुसत्या पापडांपुरती नव्हे. पारव्यांची वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ सतत नाकात गेली तर काही लोकांच्या फुप्फुसांना सूज येते, आणि ते दुखणं वर्षानुवर्षं चालू राहिलं तर फुप्फुस कायमचं कडक होत जातं. आजींना आधीच दम्याचा त्रास. पक्ष्यांवर प्रेम करताना शेजारच्या माणसाचा श्वास कोंडत असेल तर ते आधी थांबवायला पाहिजे, त्यात मला दोन मतं वाटत नाहीत.

दुसरी गोष्ट काचेची. एक बुलबुल त्या काचेवर येऊन आपटला होता, काकूंनी तो पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवला, तासाभरानं सावरला आणि उडाला. आणि एक शिंजीर, म्हणजे फुलांतला मध पिणारा चिमुकला पक्षी, निळाजांभळा नर, रोज सकाळी स्वतःच्याच प्रतिबिंबाला टोची मारत बसायचा. विणीच्या दिवसांत नराला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय. काकांना ते गमतीचं वाटायचं, त्याचे फोटोही काढले होते, पण त्या जीवाची सगळी ताकद त्यातच जात होती, ज्या वेळात पोरांना किडे भरवायचे त्या वेळात हा काचेशी भांडतोय.

आणि फोटो. मी मेमरी कार्ड बघितलं. वर पांढरं फटक आभाळ, मध्ये हिरवं प्लॅस्टिक, त्यावर काळसर चिमणी. आभाळासारखं उजळ काही मागं असलं की कॅमेरा सगळी फ्रेम एकसारखी करायला बघतो आणि पक्षी काळा पडतो. त्यातून खिडकी पूर्वेकडं तोंड करून, म्हणजे सकाळचं ऊन पक्ष्याच्या पाठीमागून आणि काकांच्या डोळ्यांत. दुपारी काढलेले तर विचारूच नका, मे महिन्यात आपल्याकडं सूर्य अक्षरशः डोक्यावर येतो, सावली पायात जाते, अशा उजेडात पक्ष्याचा डोळा भुवईच्या सावलीत बुडतो आणि पाठ जळून पांढरी होते. याच जागेवरून सहाशेची लेन्स लावली असती तर हेच सगळं फक्त मोठं दिसलं असतं, दुसरं काही नाही.

पाणी

आता मुख्य मुद्द्यावर येतो. फीडरची ही सगळी पद्धत आपण थंड देशांतून उचललीये, तिकडं हिवाळ्यात बर्फ पडतं, किडे मिळत नाहीत, दाणे खाणारे पक्षी भरपूर, म्हणून नळीत बी भरलं की दारात गर्दी होते. आपल्याकडं परसात फिरणारे निम्म्याहून जास्त पक्षी दाण्याला चोचही लावत नाहीत. बुलबुल फळं आणि किडे खातो, दयाळ आणि चीरक किडे, शिंपी पक्षीही किडेच, शिंजीर मध आणि बारीक कोळी, सातभाई पाचोळा उलटापालटा करून किडे शोधतात. दाण्याला येणार कोण, तर चिमण्या, मुनिया, होले, पोपट, सुगरण, आणि पारवे. त्यातले पारवे आले की बाकीच्यांना ताटलीपर्यंत पोचूच देत नाहीत. म्हणजे काकांकडं पक्षी येत नव्हते असं नव्हतंच, पक्षी शेजारच्या बाभळीत होते, त्यांना या घरातून काही निमंत्रणच नव्हतं.

पण पाणी सगळ्यांना लागतं. आणि सोलापूर. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर, कधी त्रेचाळीस-चव्वेचाळीस, ओढे कोरडे, सिद्धेश्वर तलाव किंवा कंबर तलाव या छोट्या पक्ष्यांना जुळे सोलापुरातून रोजच्या पाण्यासाठी लांबच. त्यामुळं मी काकांना सांगितलं, गच्चीवरचे दाणे आजपासून बंद, आणि पाणी खाली आणा.

गच्चीवरचं स्टीलचं पातेलं का चालत नाही ते सांगतो. एक तर खोल. चिमणीएवढ्या पक्ष्याला इंच-दीड इंच पाणी बास, त्याहून खोल असलं तर तो काठावरून कसाबसा पिईल पण आंघोळीला उतरणार नाही. दुसरं म्हणजे गुळगुळीत, नखं धरत नाहीत. तिसरं, स्टील उन्हात इतकं तापतं की आपलाच हात भाजतो. त्याऐवजी कुंडीखाली ठेवतात ती मातीची मोठी बशी घेतली, खरबरीत, तिच्या एका बाजूला चपटा दगड ठेवला म्हणजे एकीकडं उथळ आणि एकीकडं जरा खोल. जुना फुटका रांजण पालथा घालून त्यावर बशी, जमिनीपासून अडीच-तीन फूट. झाडापासून दोन-तीन मीटर लांब, हे अंतर महत्त्वाचं, झुडपाला चिकटून ठेवलं तर मांजर दबा धरून बसतं, फार लांब ठेवलं तर शिक्रा, म्हणजे छोटा शिकारी पक्षी, आल्यावर पळायला आडोसा नाही.

आणि मग गळती. महादेवाच्या पिंडीवर टांगलेली असते तीच कल्पना. ती तांब्याची असते, आम्ही मातीचं छोटं मडकं घेतलं, तीनेक लिटरचं, तळाला बारीक भोक आणि त्यात सुती वात ओढून घट्ट बसवली, आणि मडकं लोखंडी तिवईवर बशीच्या बरोबर वर. वात जेवढी घट्ट तेवढा थेंब सावकाश. सेकंदाला एक थेंब धरला तर तासाला पावणेदोनशे मिली पाणी जातं, म्हणजे एकदा भरलेलं मडकं सकाळपासून रात्रीपर्यंत निघतं. काकूंना पहिली शंका हीच होती की नळाला रोज पाणी नाही आणि हे पाखरांना धार लावून बसलेत, पण हिशोब ऐकल्यावर त्यांनीच मडकं भरायचं काम स्वतःकडं घेतलं. जे सांडतं ते खाली कढीपत्त्याच्या आळ्यात जातं.

साचलेलं पाणी पक्ष्याला वरून उडताना सहज लक्षात येत नाही. थेंब पडला की वर्तुळ हलतं, चमकतं, आणि टप् टप् असा आवाज येतो. तो आवाज बाभळीत बसलेल्या पक्ष्याला पोचतो. पहिला बुलबुल आला, लालबुड्या, तो सगळ्यात धीट. मग साळुंक्या, त्यांच्यापाठोपाठ भांगपाडी मैना, डोक्यावर काळा तुरा, अंग बदामी, ती काकांनी आयुष्यात प्रथमच नीट बघितली, नाव मी सांगितलं. मग सातभाई, एक आला की पाठोपाठ सगळी टोळी. दयाळाची जोडी, कडक ऊन उतरल्यावर. चीरक, शेपटी वर उभारून दगडावर. राखी वटवट्या आणि शिंपी बशीत फार उतरत नाहीत, ते वातीवरून घरंगळणारा थेंब तिवईवरच टिपतात. आणि तोच शिंजीर, मधुमालतीच्या ओल्या पानांवर अंग घासून आंघोळ करणारा. हे सगळे पक्षी त्याच बाभळीत, त्याच प्लॉटमध्ये आधीपासून राहत होते.

एक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे आणि फोटोसाठी फार उपयोगाची. बुलबुल, साळुंकी, चिमणी हे पाण्यात चोच बुडवतात, घोट भरतात आणि मान वर करून तो गिळतात. मान वर जाते त्या क्षणी चोचीच्या टोकाला थेंब लोंबतो, डोळ्यात आभाळाचा ठिपका चमकतो, आणि अर्धा सेकंद पक्षी जवळजवळ स्थिर असतो. फोटो तिथं आहे. होला आणि पारवा तसं करत नाहीत, ते चोच बुडवून एका दमात ओढून पितात, मान वर करतच नाहीत, त्यामुळं होल्याचा फोटो पिताना नको, पिऊन झाल्यावर तो एकदा इकडंतिकडं बघतो तेव्हा घ्यायचा. काकांना हे सांगितल्यावर त्यांनी धडाधड बटण दाबणं सोडलं आणि वाट बघायला शिकले, मला वाटतं त्यांच्या फोटोंत सगळ्यात मोठा फरक यानंच पडला.

बशी रोज रिकामी करून काथ्यानं घासायची, यात सूट नाही. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो, अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात, आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. नुसतं पाणी ओतून दिलं तर अंडी तशीच राहतात, म्हणून घासायचं. शिवाय होले-पारव्यांच्या घशात होणारा एक परजीवी आजार अशा सामायिक पाण्यातून पसरतो. अंग फुगवून सुस्त बसलेला, चोचीभोवती ओलं चिकट असलेला पक्षी दिसला तर बशी आठवडा-दोन आठवडे उचलून ठेवायची, काकांनी हे कागदावर लिहून फ्रीजला चिकटवलंय.

कणसं

दाणे पूर्ण बंद करायला काकूंचं मन तयार नव्हतं, आणि त्यांचं खरंय, चिमण्यांना दोन दाणे घालायची सवय वर्षानुवर्षांची. तेव्हा मी म्हणलं, दाणे घाला पण मोकळे नकोत, कणसं टांगा. मंगळवेढ्याकडची मालदांडी ज्वारी रब्बीत निघते, तेव्हा मळ्यातून कणसं मिळतात, काकूंच्या माहेराहून जुडीच आली. बाभळीची वाळकी काटकी फांदी वाळू भरलेल्या कुंडीत उभी केली आणि तिला एकेक कणीस सुतळीनं लोंबतं बांधलं.

पारव्याला टेकायला सपाट जागा लागते, लोंबत्या हलत्या कणसावर त्याला तोलच सांभाळता येत नाही. चिमणी, ठिपकेवाली मुनिया, पांढऱ्या गळ्याची मुनिया, सुगरण यांना मात्र तेच सोयीचं, ते उलटे लटकून दाणा सोलतात. गच्चीवरचे पारवे दाणे बंद झाल्यावर लगेच नाही हटले, काही आठवडे सकाळच्या वेळेला येऊन बसायचे, मग कमी कमी होत गेले. खाली सांडलेला दाणा टिपायला चार-दोन होले येतात, तेवढं चालतं.

फोटोच्या दृष्टीनं तर याला तोडच नाही. हिरवी प्लॅस्टिकची नळी फ्रेममधून गेली, पक्षी आता ज्वारीच्या कणसावर बसलेला दिसतो, म्हणजे शेतात जसा दिसतो तसाच. परसातला फोटो आणि शेतातला फोटो यातला फरक कुणाला सांगता येत नाही, आणि यात फसवणूक नाही, कारण हा पक्षी आपल्या भागात खरंच ज्वारीवर जगतो. पोपट एक अडचण आहेत. पोपट आला की दाणे टिपत बसत नाही, देठच कापतो आणि अख्खं कणीस खाली पाडतो. त्यावर आम्हाला पक्का उपाय सापडलेला नाही, एका वेळी एकच कणीस बांधतो म्हणजे नुकसान तेवढंच.

काय घालायचं नाही हेही सांगतो कारण काकांच्या ताटलीत ते सापडलं होतं: फरसाणचा चुरा, खारे शेंगदाणे, शिळा पाव. मीठ आणि तेल पक्ष्याला नको, पावानं नुसतं पोट भरतं. आणि ओले झालेले, बुरशी आलेले दाणे तर विषच. चिमण्यांबद्दल एक गैरसमज मोठा आहे, दाणे घातले की चिमण्या वाढतील. मोठ्या चिमणीला दाणे चालतात, पण पिल्लांना सुरुवातीचे दिवस किडे-अळ्याच लागतात, आणि घरट्याला भोक लागतं, जी जुन्या दगड-मातीच्या माळवदाच्या घरांत भरपूर होती आणि नव्या स्लॅबच्या घरांत नाहीत. म्हणून काकांना सांगितलं, जास्वंदीवर मावा दिसला की फवारा मारायचा नाही. आता त्या माव्यावर शिंपी येतो.

कॅमेरा कुठं आणि कशाच्या मागं

आता लेन्सचा हिशोब. काकांच्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण २२ मिलिमीटर रुंद. २५० मिलिमीटरवर, आठ मीटर लांबून जी फ्रेम मिळते ती जवळपास ७१ सेंटीमीटर रुंद असते, त्यात दहा सेंटीमीटरची मुनिया म्हणजे फ्रेमचा सातवा हिस्सा, काकांचा काळा ठिपका तो हाच. तीच मुनिया तीन मीटरवर आली तर फ्रेम २७ सेंटीमीटरची होते, पक्षी एक तृतीयांशाहून मोठा, पीसन् पीस मोजता येतं. वीस सेंटीमीटरच्या बुलबुलाला तर तीन मीटर जास्तच जवळ, शेपूट कापली जाते, चार मीटर बरं. म्हणजे लाख रुपयांचं काम पाच मीटर पुढं सरकून होत होतं. अडचण एवढीच, माणूस तीन मीटरवर बसला तर पक्षी येत नाही.

तिथं सोलापुरी चादर कामाला आली. परसाच्या ईशान्य कोपऱ्यात दोन बांबू, वर दोरी, त्यावर जुनी चादर घडी न करता सोडलेली, काकूंनी तिला वितभर चीर देऊन कडा शिवून घेतली, त्यातून लेन्स बाहेर. पातळ कापड वाऱ्यानं फडफडतं आणि पक्षी बुजतात, चादर जाड आणि जड, जागची हलत नाही. रंगाची भीती काकांना वाटत होती, कारण चादर लालभडक आणि तिच्यावर मोर, पण पक्षी रंगापेक्षा हालचालीला घाबरतात. चादर आधी काही दिवस नुसतीच टांगून ठेवली, मागं कुणी बसायचं नाही, पक्ष्यांना ती भिंतीसारखी वाटायला लागली की मग बसायचं.

ईशान्य कोपराच का, तर उन्हाळ्यात सूर्य पूर्वेच्याही थोडा उत्तरेला उगवतो, त्या कोपऱ्यातून नैर्ऋत्येकडं बघितलं की सकाळचं ऊन काकांच्या पाठीवरून सरळ पक्ष्यावर पडतं. पुढं साडेतीन मीटरवर बशी आणि कणसं, त्यामागं आणखी चार मीटरवर जास्वंदीची रांग. मागचं झाड जितकं लांब तितकं ते विरघळून नुसता हिरवा रंग होतो. भिंत किंवा कपडे वाळत घातलेली दोरी मागं आली तर फोटो गेला, आता काकू कपडे सकाळी नऊनंतर घालतात, ही त्यांची मेहेरबानी. स्टुलावर बसलं की लेन्स बशीच्या उंचीला येते, पक्ष्याच्या डोळ्याला डोळा, आभाळ फ्रेममध्ये येतच नाही.

वेळ, मे महिन्यात उजाडल्यापासून आठपर्यंत. त्यानंतर ऊन कडक आणि तापलेल्या जमिनीवरून हवा लहरते, फोकस बरोबर असला तरी फोटो भुरका येतो. संध्याकाळी चार-साडेचारनंतर घराची सावली परसावर पडते, तो उजेड मऊ, काळ्या डोक्याच्या बुलबुलाला आणि पांढऱ्या पोटाच्या मुनियेला एकाच वेळी न्याय देणारा. मला स्वतःला संध्याकाळ जास्त आवडते, काकांना सकाळ.

सेटिंगचं थोडक्यात. शटर, म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ, सेकंदाच्या १/१००० च्या खाली नको, आंघोळीचे थेंब गोठवायचे तर १/२००० किंवा वर. सावलीत १/५०० वर उतरावं लागतं, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, १६०० पर्यंत जाऊ द्या, थोडा दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. एफ म्हणजे लेन्सच्या भोकाचा आकडा, तो ५.६ असला तर तीन मीटरवर जेमतेम तीन सेंटीमीटरच स्पष्ट येतात, म्हणजे डोळा धरला तर शेपूट गेली, म्हणून फांदी कॅमेऱ्याला आडवी बांधायची, पक्षी आपोआप बाजूनं बसतो. एफ ८ केलं तर चार सेंटीमीटर. फोकस डोळ्यावर, एकाच पॉइंटनं. फ्लॅश नाही.

काच तशीच सोडली नाही. खिडकीला बाहेरच्या बाजूनं डासांची जाळी बसवली, बारीक, थोडी ताणून. बाहेरून जाळी असली की आरसा मरतो, शिंजीराचं भांडण त्या दिवसापासून बंद, आणि चुकून कुणी आपटलाच तर जाळी त्याला झेलते. ज्यांना जाळी शक्य नाही त्यांनी बाहेरून पांढरे ठिपके काढावेत, दोन ठिपक्यांत दोन इंचांपेक्षा जास्त अंतर नको. आतून लावलेलं स्टिकर फारसं उपयोगाचं नाही, चमक बाहेरच्या पृष्ठभागावर असते.

जिथं आम्ही थांबलो

मधुमालतीत बुलबुलानं घरटं केलं. काका खूश, त्यांना पिल्लांचा फोटो हवा होता, दोन-चार पानं बाजूला केली की दिसतं म्हणाले. मी नाही म्हणलं, आणि हे मी कुणालाही नाहीच म्हणतो. ती पानंच त्या पिल्लांचं छप्पर आहेत, बाजूला केली की सोलापूरचं ऊन थेट अंगावर, आणि कावळा आपल्यावर नजर ठेवून असतो, आपण वाकून बघितलं की त्याला जागा कळली. काका थोडे नाराज झाले पण पान हललं नाही. पिल्लं उडाली, बशीवर आली, तेव्हा फोटो मिळाला, शेपूट आखूड, बुडाचा रंग अजून फिका.

शिक्रा येतो. एकदा त्यानं कणसावरची मुनिया काकूंच्या डोळ्यांदेखत उचलली, काकूंना दोन दिवस जेवण गेलं नाही. मी त्यांना सांगितलं की शिक्र्यालाही पिल्लं आहेत आणि तोही या परसाचाच पक्षी, पण आपण कणसं बांधून मुनियांची गर्दी एका जागी जमवतो तेव्हा त्याची जबाबदारी थोडी आपल्यावर येते. म्हणून तो रोज यायला लागला की चार दिवस कणीस बांधायचं नाही, गर्दी पांगते.

मुनियांचे फोटो बघून एकानं काकांना विचारलं की पकडून देता का, पिंजऱ्यात ठेवायला. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि आपल्या रानातला पोपट असो की मुनिया, पकडणं, विकणं, पिंजऱ्यात ठेवणं सगळं गुन्हा आहे, काकांनी त्याला बँकेतल्या आवाजात हे ऐकवलं. तेव्हापासून फोटो टाकताना ते घराचा पत्ता कळेल असं काही ठेवत नाहीत.

आणि एक गोष्ट, परसात जे चालतं ते रानात नाही. इथून वीसेक किलोमीटरवर नान्नजला माळढोक अभयारण्य आहे, १९७९ पासून. माळढोक आता देशभरात इतके थोडे उरलेत की नान्नजला तो दिसणं म्हणजे नशीबच. तिथं दाणे टाकून, पाणी ठेवून किंवा मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी जवळ बोलवायचा नाही. घराच्या परसातला बुलबुल माणसात वाढलेला असतो, त्याला आपण जागा देतोय. माळावरचा पक्षी जमिनीवर अंडी घालतो, त्याला माणसाची सवय लागणं हेच धोक्याचं.

आता पाऊस तोंडावर आहे. पाणी सगळीकडं होईल, बशीवरची गर्दी ओसरेल, कणसं भिजून बुरशी धरतील म्हणून ती उतरवून ठेवलीत. शेजारच्या आजींनी जाऊन मडकं बघितलं आणि आपल्यालाही एक वात बसवून द्या म्हणाल्या, ते काम काकांकडं आहे. लेन्सचा विषय काकांनी दिवाळीपर्यंत पुढं ढकललाय, थंडीत थिरथिरा आणि धोबी हे पाहुणे पक्षी आले की बघू म्हणतात, पण धोबी जमिनीवर चालतो आणि त्यासाठी लेन्स नाही, पोटावर पडायला चटई लागेल, ती आणायला सांगितलीये.